अख्खी टर्की तळायची आहे? आधी पाणी हटवा

दिवाळीत कढईसमोर उभं राहिलेल्या माणसाला पाणी आणि तापलेलं तेल यांचं वैर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धुतलेला झारा नीट न पुसता तेलात घातला की काय होतं ते मनगटावरच्या डागांना विचारावं. अख्खी टर्की तळताना तेच वैर असतं, माप तेवढं वाढतं. कढईऐवजी अकरा लिटर तेल, झाऱ्याऐवजी साडेपाच किलोचा पक्षी, आणि त्याच्या पोटात आख्खा हात जाईल एवढी पोकळी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते. म्हणजे त्या पोकळीत कपभर बर्फ राहून गेला असेल तर ४०० लिटर वाफ एका दमात बाहेर पडू बघते. ती तेलाला काठावरून खाली ढकलते, आणि खाली शेगडी पेटलेली असते. दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या टर्की खायच्या सणाआधी, अमेरिकेतल्या अग्निशमन दलाची माणसं मोकळ्या मैदानात मुद्दाम गोठलेली टर्की तेलात सोडून हा भडका लोकांना दाखवतात.

तिथली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था तर गॅसवरचे टर्की फ्रायर, म्हणजे टर्की तळायची भांडी-शेगड्या, वापरूच नका, असं सांगते. ते आधी सांगून टाकतो. तुमच्याकडे मोकळं अंगण नसेल किंवा पूर्ण वेळ भांड्यापाशी उभा राहील असा दुसरा मोठा माणूस नसेल, तर ओव्हनमध्ये भाजा. त्यात कमीपणा काही नाही.

मी ह्यूस्टनला राहतो. लुइझियाना राज्याची हद्द इथून गाडीने दोन तासांच्या आत येते आणि टर्की तळण्याची चाल तिकडचीच. अठराव्या शतकात कॅनडातून हुसकावलेले फ्रेंचभाषक लोक तिथल्या दलदलीत येऊन वसले, ते केजन. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या छोट्या जीवांची गोण्यांच्या हिशेबाने उकड करायला त्यांच्याकडे उंच भांडी आणि फुरफुरणाऱ्या शेगड्या घरोघरी असतात. त्याच भांड्यात टर्की तळली जाते. मला हे शिकवलं ते आमच्या लुइझियानातल्या शेजाऱ्याने. पहिल्या वर्षी त्याने मला फक्त गॅसच्या कॉकपाशी उभं केलं होतं. तेव्हा मला ते अपमानाचं काम वाटलं. पुढे कळलं की सगळ्यात महत्त्वाची जागा तीच.

तळायची कशाला, याचं उत्तर हिशेबात आहे. बारा पौंडांची टर्की ओव्हनमध्ये तीन तास घेते, तेलात पाऊण तासही लागत नाही. ओव्हन भाज्यांसाठी आणि ‘पाय’ नावाच्या गोड सारणाच्या पेस्ट्रीसाठी मोकळा राहतो. आणि कातडी अशी कुरकुरीत होते की कापायच्या आधीच निम्मी पळवली जाते.

पक्षी निवडताना

बारा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. याच्या वर जाऊ नका. पंचवीस माणसं येणार असतील तर एका वीस पौंडी पक्ष्यापेक्षा दोन छोटे घ्या आणि एकामागून एक तळा. मोठ्या पक्ष्याची मांडी आतून शिजेपर्यंत छातीचं मांस सुकतं, कातडी काळी पडते, आणि तो भांड्यात सोडताना दोघांचे हात थरथरतात.

वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच गोठवलेल्या टर्कींमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी भरलेलं असतं आणि त्याची टक्केवारी छापलेली असते. अशा पक्ष्याला घरी वेगळं मीठ लावू नका, नाहीतर ताट खारट होईल. (या पक्ष्याच्या नावाची गंमत बघा. मूळचा तो उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तान चिकटवला, खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात आणि पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’.)

बर्फ वितळवणं

घाई इथेच नडते. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना २४ तास, हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशेब. बारा पौंडांना तीन दिवस. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, म्हणजे रविवारी बाहेर काढली तर चालेल असं गणित सांगतं. मी शनिवारी सकाळी काढतो. सणाच्या आठवड्यात फ्रिज गच्च भरलेला असतो, थंडी एका कोपऱ्यात साठते आणि तीन दिवसांनी बाहेरून मऊ झालेल्या पक्ष्याच्या बरगड्यांना आतून बर्फ चिकटलेलाच असतो. खाली खोलगट परात ठेवा, कारण गळणारं गुलाबी पाणी खालच्या कप्प्यातल्या कोथिंबिरीवर जायला नको. ओट्यावर उघडी ठेवून वितळवायची नाही. बाहेरचा भाग जंतूंना पोसायला लागतो तेव्हा आतला दगडच असतो.

बुधवारी सकाळी हात घालून तपासा. मानेकडून आणि मागून, दोन्हीकडून. आतमध्ये कागदात गुंडाळलेली कलेजी-पेटा आणि मान असते, ती सुटी निघाली पाहिजे. चिकटलेली असेल तर बर्फ आहे असं समजा. अशा वेळी वेष्टनासकट बंद पिशवीत घालून नळाच्या थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पक्षी पूर्ण गोठलेला असेल तर असे पौंडाला तीस मिनिटं लागतात. काहींच्या छातीत प्लॅस्टिकची बटणासारखी काडी खोचलेली असते, शिजल्यावर वर येणारी. ती उपटून टाका. पाय बांधलेली तार किंवा प्लॅस्टिकची कडी असेल तीही काढा.

आणि पक्षी नळाखाली धुऊ नका. आपल्याकडे कोंबडी धुतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, मलाही पडत नव्हतं. पण धुण्याने कच्च्या मांसाचे शिंतोडे सगळ्या बेसिनभर उडतात आणि इथे तर आपण पाणी घालवायच्या मागे आहोत.

मीठ, इंजेक्शन आणि माझा तंदुरी पराक्रम

बुधवारी सकाळी पक्षी कागदी रुमालांनी आतून-बाहेरून कोरडा करा. मीठ भरलेला पक्षी नसेल तर जाड मीठ चोळा, दर चार-पाच पौंडांना एक मोठा चमचा. मग जाळीवर ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडाच ठेवा, खाली परात. चोवीस तासांत मीठ मुरतं आणि फ्रिजची कोरडी हवा कातडी चर्मपत्रासारखी ताणून ठेवते. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धतही आहे. चव चांगली येते, पण नंतर त्या पक्ष्यातून पाणी काढत बसणं मला नको असतं.

चव आत घालायची तर इंजेक्शन. जाड सुईची पिचकारी दुकानात मिळते. बारा पौंडांना सुमारे ३५० मिली द्रव पुरतो: वितळवलेलं लोणी, चिकनचं पाणी, लसणाचा रस, लिंबू, लाल तिखट. मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, लसणाचा एक कण सुईत अडकला की संपलं. कोमट असतानाच वापरा, कारण थंड मांसाला लागलं की लोणी गोठतं. एकाच भोकातून सुई आत वेगवेगळ्या दिशांना फिरवा. छातीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, मांडीत दोन, तंगडीत एक. हे बुधवारी रात्रीच उरका, म्हणजे बाहेर झिरपलेलं गुरुवारी सकाळी पुसता येतं.

मसाला बाहेरून लावायचा तर कोरडा आणि साखरेशिवाय. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आपण दही, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, कसुरी मेथी असं तंदुरी काहीतरी करावं. रात्रभर मुरवली. तेलात सोडली आणि पहिल्या मिनिटातच सगळा लेप सुटून तळाशी गेला, तिथे करपला, आणि मग उरलेली चाळीस मिनिटं तो कडवट धूर पक्ष्याला लागत राहिला. दह्यातलं पाणी उडलं ते वेगळंच. शेजारी काही बोलला नाही, फक्त दोन पावलं मागे सरकला. तेव्हापासून आलं-मिरचीचा रस इंजेक्शनात आणि कातडीला फक्त मीठ, मिरपूड, तिखट.

तेल किती? आर्किमिडीजला विचारा

हे काम दिवसभर आधी करायचं. पक्षी प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतानाच भांड्यात ठेवा आणि तो जेमतेम बुडेल एवढं पाणी ओता. मग पक्षी बाहेर काढा. आता पाणी जिथे उतरलं ती तुमची तेलाची रेघ. पट्टीने तळापासून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. वेष्टनात पोटाची पोकळी बंद असते, तेलात मात्र ती भरते. त्यामुळे हे माप किंचित कमीच येतं, आणि चूक त्याच बाजूला झालेली बरी.

त्यातूनही पाऊण इंच कमी भरा. तेल तापलं की फुगतं, खोलीच्या तापमानापासून तळणीच्या तापमानापर्यंत जाताना दहा टक्क्यांहून जास्त. पक्षी आत असताना तेलाच्या वर काठापर्यंत निदान चार-पाच इंच मोकळे राहिले पाहिजेत. ३० क्वार्टचं, म्हणजे सुमारे २८ लिटरचं भांडं बारा पौंडांना बरोबर बसतं आणि त्यात तीन गॅलनच्या, म्हणजे अकरा लिटरच्या आसपास तेल जातं. माप झालं की भांडं धुऊन, पुसून रात्रभर पालथं घाला.

तेल शेंगदाण्याचं, पण रिफाइंड. ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत धुरत नाही आणि चव लागू देत नाही. गावाकडून कुणी प्रेमाने आणलेलं घाण्याचं तेल यासाठी नको. त्याचा वास सुंदर असतो, पण तळणीच्या तापमानाआधीच ते धुरायला लागतं. पाहुण्यांमध्ये कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते बोलावतानाच विचारा. असेल तर कनोलाचं तेल घ्या.

जागा आणि गॅस

घरापासून, कुंपणापासून, झाडाच्या फांदीपासून निदान दहा फूट. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. लाकडी डेकवर नाही, पत्र्याखाली नाही, अपार्टमेंटच्या बाल्कनीत तर नाहीच. सपाट टणक माती सगळ्यात उत्तम. काँक्रीट चालतं, फक्त तेलाचे डाग कायमचे राहतात. शेगडी ठेवली की चारही बाजूंनी हलवून बघा. डुगडुगत असेल तर जागा बदला, खाली दगड सरकवू नका. पाऊस किंवा बर्फाची शक्यता असेल तर बेत रद्द करून ओव्हन लावा. तापल्या तेलात पावसाची सर नको.

प्रोपेनची टाकी वीस पौंडी, आपल्या नऊ किलोंची. नळी पसरेल तेवढी लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे ज्वाळा टाकीकडे वळणार नाही. सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात, त्यामुळे किती गॅस शिल्लक आहे ते आदल्या दिवशी बघा. टाकीच्या गळ्यावर टी. डब्ल्यू. अशी अक्षरं आणि रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. वजनकाट्यावर ठेवा, वजा करा. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघून घ्या.

हाताशी हवं ते असं: तेलात बुडणारा लांब काडीचा थर्मामीटर, मांसात खुपसायचा दुसरा, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, भांड्याचं घट्ट झाकण आणि स्वयंपाकघरातल्या तेलाच्या आगीला चालणारं अग्निशामक. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात घालून बघा, १०० अंश सेल्सिअस किंवा २१२ फॅरनहाइट दाखवतो का. अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट. ओढणी, नायलॉनचा कुर्ता आणि चपला घातलेल्यांनी लांबून बघावं. मुलांसाठी आणि कुत्र्यासाठी जमिनीवर दोरी टाकून हद्द आखा. बियर नंतर.

आता तळणी

तेल ३५० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअसला आणायचं. त्याला पाऊण तास लागू शकतो. या वेळात एका मिनिटासाठीही भांडं सोडून जायचं नाही. बहुतेक शेगड्यांना तापमान स्वतःहून थांबवायची सोय नसते. तेल धुरायला लागतं, तसंच तापत राहिलं तर काडी न लावता पेटतं. तेल तापेपर्यंत पक्षी शेवटचा एकदा पुसा, पोटाच्या आतूनही. मानेकडची कातडी कापून भोक मोकळं ठेवा, मांडी आणि पोट यांच्यामधल्या घडीत लहान चीर द्या. तेल आरपार खेळलं पाहिजे, कुठेही साचलेला रस अडकायला नको. सारण भरायचं नाही. मग भोकांच्या स्टँडवर मान खाली, तंगड्या वर असा बसवा.

तापमान आलं? गॅस बंद करा. मंद नाही, पूर्ण बंद. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. ज्वाळाच नसेल तर उतू गेलेल्या तेलाचा पसारा होतो, आग लागत नाही. कॉकपाशी उभ्या माणसाने मोठ्याने “बंद” म्हणायचं आणि तोपर्यंत दुसऱ्याने पक्षी उचलायचा नाही.

स्टँड उचलायच्या आकड्यातून झाडूचा मजबूत दांडा घालून दोघांनी दोन टोकं धरली तर तोंड भांड्यापासून लांब राहतं. एक इंच बुडवा, थांबा. फसफस होईल, ती ओसरू द्या. आणखी दोन इंच. तेल काठाकडे चढू लागलं तर वर उचला. पूर्ण बुडवायला दीड-दोन मिनिटं लागली तर काही बिघडत नाही. पक्षी तळाला टेकला की गॅस परत लावा.

तेल एकदम ३०० फॅरनहाइटपर्यंत घसरेल. घाबरू नका, आच वाढवा आणि ३२५ ते ३५० मध्ये धरून ठेवा. पौंडाला साडेतीन मिनिटं, बारा पौंडांना ४२. आवाजाकडे कान ठेवा. सुरुवातीचा धबधब्यासारखा आवाज हळूहळू पुऱ्या तळल्यासारखा होतो, म्हणजे पक्ष्यातलं पाणी कमी होत चाललं. पण घड्याळ आणि कान यांच्यावर निकाल द्यायचा नाही. वेळ झाली की गॅस पुन्हा बंद, पक्षी वर घ्या, भांड्यावरच निथळू द्या, आणि थर्मामीटर छातीच्या जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला न लावता खुपसा. दोन्हीकडे १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस हवंच. मांडी १७५ पर्यंत गेली तर जास्त मऊ लागते. कमी भरलं तर गॅस बंद असतानाच परत सोडा आणि पाच मिनिटांनी बघा.

आगीबद्दल थोडक्यात: कॉकपर्यंत हात पोचत असेल तर गॅस बंद, झाकण ठेवता येत असेल तर ठेवा, नाहीतर लांबून अग्निशामक मारा. जवळून मारलं तर झोताने तेल उडतं. बागेचा पाइप कुणी आणायला धावला तर त्याला अडवा. आटोक्याबाहेर वाटलं तर सगळ्यांना मागे घ्या आणि ९११ या आपत्कालीन नंबरला फोन लावा.

ताटात

जाळीवर वीस ते तीस मिनिटं तशीच ठेवा. फॉइलने झाकलं तर कमावलेली कातडी वाफेने मऊ पडते. कापताना आधी तंगड्या आणि मांड्या सांध्यातून सोडवा, मग छातीचं अख्खं मांस हाडापासून काढून पाटावर आडवं कापा. प्रत्येक तुकड्याला कातडीची कड येते.

एक गोष्ट ओव्हनवाल्यांना माहीत असते आणि तळणारे विसरतात: ग्रेव्हीसाठी लागणारा भाजलेल्या पक्ष्याचा रस इथे मिळत नाही, तो तेलात गेला. म्हणून मान आणि पेटा बुधवारीच कांद्याबरोबर दोन तास मंद उकळत ठेवा आणि त्या पाण्यावर ग्रेव्ही करा. कलेजी त्यात घालू नका, कडसर होते. ती तव्यावर परतून स्वयंपाक करणाऱ्याने खायची असते. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. आमच्याकडे हाडांचा शुक्रवारी तांबडा रस्सा होतो. बायको कोल्हापूरची आहे, तिला मॅश्ड पोटॅटो हा पदार्थ अजून पटलेला नाही.

शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांची भजी घरात, वेगळ्या कढईत. टर्कीच्या आधी याच तेलात काढू म्हणाल तर बेसनाचे कण तळाशी बसून करपतात.

तेल त्या रात्री हलवायचं नाही. झाकण घट्ट लावून, वर वीट ठेवून तिथेच राहू द्या, कारण आमच्या भागात रात्री रॅकून नावाचे चोरटे प्राणी फिरतात. सकाळी पूर्ण गार झालं की मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून मूळच्या डब्यात भरा, तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. महिन्याभरात, म्हणजे ख्रिसमसच्या टर्कीला ते पुन्हा चालतं. फेस येत असेल, गडद झालं असेल किंवा खवट वास येत असेल तर मात्र सिंकमध्ये ओतू नका, पाइपात ते गोठून बसतं. बऱ्याच काउंटींमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये, वापरलेलं तेल घेणारं केंद्र असतं. ते उघडं कधी असतं हे तेवढं आधी बघून जा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आमचं बंद होतं आणि तीन गॅलनचा डबा आठवडाभर गाडीच्या डिकीत माझ्याबरोबर ऑफिसला येत होता.